पाटणची घटिका

आमच्या चाळीसगावाहून नैर्ऋत्येला नऊ-दहा मैलांवर, सह्याद्रीच्या कुशीत पाटण आहे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला अवघा खानदेश तिथे लोटतो. पण तिथल्या शिलालेखापाशी थांबणारे थोडे. इतिहास शिकवताना मी मुलांना आधी त्या दगडाची ओळख करून देतो.

लीलावतीची गोष्ट आपण आजीकडून ऐकली आहे. लग्नघटिकेसाठी पाण्यावर घटिकापात्र सोडलेले. तळच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून चोवीस मिनिटांनी ते बुडायचे. मुलगी कौतुकाने वाकून पाहते, अंगावरचा एक मोती निसटून पात्रात पडतो, छिद्र बुजते आणि मुहूर्त टळून जातो. पित्याने लेकीच्या नावाने ग्रंथ लिहिला, तो 'लीलावती'.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. तरी लोकांनी ती जपली, कारण ग्रहांचे गणित करणाऱ्या पित्यालाही वेळेवर हुकमत चालवता आली नाही, हे त्यांना पटले. 'देवाच्या मनात असेल तेव्हाच होईल,' असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. पण तेवढ्यावर थांबलो तर ती श्रद्धा नव्हे, आळस होईल.

पाटणचा दगड पुढची हकिगत सांगतो. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. 'करणकुतूहल' 1183 चा, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षीचा. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने शके 1128 च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्याला दान दिले. तो दिवस 9 ऑगस्ट 1207 चा. ग्रंथ पुरा झाल्याला सत्तावन्न वर्षे लोटली होती! ग्रहणाचा क्षण गणिताने सांगता येतो, कष्टाला फळ कधी येईल ते सांगता येत नाही.

त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तोच अधिक प्रिय आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा काही हिस्सा मठाला, आणि प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल, अशी ती व्यवस्था. त्या तेल्याला बीजगणित कुठून येणार? पण पळीभर तेल द्यायचे, हे त्याला ठाऊक होते.

पुढे मठ लयाला गेला, गाव ओस पडले. दगड मात्र उभा राहिला. 1865 साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांपुढे आणला. साडेसहाशे वर्षांनी तो पुन्हा बोलू लागला.

वाचकहो, कुणाच्या घरी मुलीचे लग्न लांबले असेल, कुणाच्या मुलाची नोकरी अडली असेल. धीर धरा, असे सांगणे सोपे आहे, धरणे कठीण, हे मी जाणतो. पण घटिका भरणे आपल्या हाती नसले, तरी आपल्या वाट्याची पळी रिती ठेवायची की भरायची, हे आपल्याच हाती आहे. यंदा पणतीत तेल घालताना पाटणच्या त्या अनाम तेल्याची आठवण ठेवा.