विगमनाची समस्या

तर्कशास्त्र व ज्ञानमीमांसा यांतील एक मूलभूत प्रश्न. पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्या, विशेषतः भावी घटनांविषयी जे निष्कर्ष काढले जातात त्यांना तार्किक आधार कोणता, असा हा प्रश्न आहे. निगमनात आधारविधाने सत्य असली की निष्कर्ष सत्य असतोच. विगमनात मात्र तो खोटा ठरू शकतो. कार्यकारणभाव सिद्ध करण्यातली अडचण याच प्रश्नातून उद्भवते.

भारतीय विचार : चार्वाकांनी अनुमानाचे प्रामाण्य नाकारले. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती (नित्य साहचर्य) सर्व स्थळकाळांना लागू असते, तर प्रत्यक्षाची धाव समोरच्या धुरापलीकडे जात नाही. व्याप्ती अनुमानाने सिद्ध करावी, तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती लागते व अनवस्था (न संपणारी मालिका) ओढवते. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ (चौदावे शतक) या ग्रंथात हा युक्तिवाद आला आहे.

नैयायिकांनी याला तोंड देताना उपाधीची, म्हणजे संबंधामागे दडलेल्या अटीची, संकल्पना वापरली. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. ओल्या इंधनाचा संयोग ही येथे उपाधी होय. उपाधी नसेल तरच संबंध स्वाभाविक ठरतो. पण लक्षात न आलेली उपाधी नाहीच, हे कशावरून? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त शंकेला व्याघाताची मर्यादा घातली : शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशीच ती विसंगत ठरली की ती टिकत नाही. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा आणि भूक भागावी म्हणून जेवणारा माणूस त्या कारणांवर खरोखर संशय घेत नसतो, असे पुढे नैयायिक गंगेशाने दाखवले.

पाश्चात्त्य विचार : डेव्हिड ह्यूमने (१७११–७६) हा प्रश्न १७३९ व १७४८ च्या ग्रंथांत मांडला. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो व दुसरा हलतो. दिसते ते सान्निध्य आणि पौर्वापर्य, दोहोंमधली अनिवार्यता दिसत नाही. निसर्ग एकविध आहे म्हणावे, तर ते गृहीतकही अनुभवावरच उभे असते. म्हणून ह्यूमने अपेक्षेचे मूळ सवयीत शोधले. कांटने कार्यकारणभाव ही बुद्धीची अनुभवपूर्व कोटी मानली. कार्ल पॉपरने (१९३४) सिद्धान्त सिद्ध होत नाहीत, त्यांचे केवळ खंडन होऊ शकते, अशी भूमिका घेतली.

विज्ञानातील रूप : रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांपैकी धूम्रपान न करणारे अवघे २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या तेवढ्याच अन्य रुग्णांत ते २७ होते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आक्षेप घेतला, की धूम्रपानाची ओढ व कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक घटक असू शकेल. हा आक्षेप उपाधीच्या शंकेचाच प्रकार होय. पुढील संशोधनात तो टिकला नाही. हिल यांनी १९६५ मध्ये कारणनिर्णयासाठी नऊ निकष सुचवले. त्यांपैकी एकही निर्विवाद पुरावा देत नाही, तरीही ज्ञान अपुरे आहे या सबबीवर आवश्यक कृती लांबणीवर टाकता येत नाही, असे त्यांनी बजावले.