परसातला हौद



शाहूवाडी तालुक्यात हौदावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. आंबा घाटाच्या अंगाने पाऊस एकदा लागला की चार महिने अंगणात कोरडी जागा सापडत नाही. परंतु चैत्र उजाडला की सड्यावरच्या वाड्यांतून बायकांच्या डोईवर घागरी दिसू लागतात. जांभा दगड पाणी पितो, धरून ठेवीत नाही. तेव्हा पाणी साठविणे हा आमच्याकडे चैनीचा विषय कधीच नव्हता.

अलीकडे घराच्या परसात लहानसे तळे करून त्यात कमळे लावण्याची आणि मासे सोडण्याची हौस वाढली आहे. हौस चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. मात्र जांभ्यात नुसता खड्डा खणून भागत नाही, तो गळतो. जुने लोक तळाला चिकणमाती तुडवून, धुमसून बसवीत. ऐपत असली तर दगडी बांधकाम करून चुन्याचा गिलावा देत. चुना बैलाच्या घाणीत मळावयाचा, गिलावा दिवसचे दिवस ओला ठेवावयाचा; घाईने वाळला की तडा ठरलेला. आज प्लास्टिकचे अस्तर मिळते, काम सोपे झाले आहे. तरी मोठ्या झाडाखाली तळे करू नये, पाने पडून कुजतात आणि मुळे बांधकाम फोडतात. निम्मे पाणी कमळाच्या पानांनी झाकले तर ऊन कमी पोहोचते आणि शेवाळ आटोक्यात राहते. साचल्या पाण्यात डास होतात, म्हणून गप्पी मासे सोडावे; ते अळ्या खातात. हिवतापाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत 1897 साली दाखविला; त्यापूर्वी लोक दूषित हवेला दोष देत. गप्पी मासे ओढ्यात मात्र जाऊ देऊ नयेत, तेथल्या मूळच्या माशांना ते जाचक होतात.

हे झाले बांधणे. राखणे म्हणजे उन्हाळ्यात एकदा सगळा उपसा करून गाळ काढणे. आता प्रश्न असा, की गाळ काढावयाचा कोणी? इतिहासाची पुस्तके येथे गप्प बसतात. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजचे पाणी भुयारी नळाने पुण्यात आणले, त्यावर वाड्यांतले आणि पेठांतले हौद भरू लागले, हे आपण शाळेत शिकतो. काम खरोखरच मोठे होते. परंतु दगड फोडणाऱ्यांचे, चुना मळणाऱ्यांचे, गाळात कमरेइतके उभे राहणाऱ्यांचे नाव कोठे लागत नाही. आणि हौद भरल्यावर त्यात ओंजळ बुडविण्याचा अधिकार कोणाला होता, हे विचारले तर उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

त्याच पुण्यात 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चरित्रांत ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. आम्हांला ती फार मोठी वाटते. त्यांनी मुलींची शाळा 1848 साली काढली. त्या कामापायी जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. सत्यशोधक समाज निघाला 1873 साली. म्हणजे समाज स्थापन होण्याच्या पाच वर्षे आधी हौद खुला झाला होता! शाळा दुसऱ्याच्या वाड्यात भरविता येते, सभा मैदानात घेता येते. हौद घराच्या आवारातला. त्यावर येणारा माणूस रोज दारातून येणार आणि शेजारी ते रोज पाहणार. एक दिवस धैर्य दाखवून येथे भागत नाही. शिवाय जोतीराव पुढे बांधकामाची कंत्राटेही घेत, दगडमातीचे काम कोणाच्या हातांनी होते हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला आणि ते काम पलटणीतल्या शिपायांकडून करवून घ्या, असे ते सरकारला सुचवितात. नारायण मेघाजी लोखंडे याच तालमीतले; गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. आम्हां युनियनवाल्यांचे ते मूळपुरुष.

कायद्याचे पाऊल फार मागाहून पडले. कामगार चळवळीतलेच सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याचा आधार घेऊन 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. विरोधकांनी मग तळे ‘शुद्ध’ करून घेतले आणि कोर्टात चक्क ते खाजगी असल्याचा दावा मांडला! निकाल हायकोर्टात लागावयास 1937 उजाडले. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमाने सरकारी पैशाने राखलेली आणि जनतेसाठी दिलेली विहिरी-तळी सर्वांना मोकळी केली. परसातला हौद त्या कलमाच्या बाहेर राहिला.

आपल्या कोल्हापुरातली हकीकत तर याहून जवळची. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पागेतला पाण्याचा हौद शिवला म्हणून बरोबरीच्याच नोकरांनी त्यांना बेदम मारले. मालकाने मारले असते तर आम्हांला भाषण सोपे गेले असते. मारणारेही पगारीच होते. मुंबईच्या गिरण्यांतही हेच. साच्याखात्यात धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्या जास्त पगाराच्या कामावर अस्पृश्यांना घेत नसत, आणि 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो सवाल पुढे आणला तेव्हा पुष्कळ पुढारी कुरकुरतच तयार झाले.

शाहू महाराज त्या वेळी गावाबाहेर होते. परतल्यावर गाऱ्हाणे ऐकून त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांनी मग महाराजांच्या मदतीने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा मागवीत, आणि गाडीत बरोबर बसलेल्या बड्या मंडळींनाही तो प्यावा लागे.