जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक. पण नवे चाक बसेल का?

जुनी जीप किंवा जीपच्या वंशातील पिकअप जतन करणाऱ्यांचा पहिला हट्ट असतो इंजिनाचा, दुसरा रंगाचा. ब्रेकचा विचार बहुधा शेवटी होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात अशी गाडी चालविणाऱ्याला मात्र हा क्रम परवडणारा नाही. एका बाजूला कल्याण-बदलापूर रस्त्यावरील पावलोपावली थांबणारी वाहतूक, दुसऱ्या बाजूला मुरबाडमार्गे माळशेज घाटाचा उतार आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यामुळे मूळच्या ड्रम ब्रेकऐवजी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावण्याकडे अनेकांचा कल असतो. डिस्क बसते, पण तिच्यावर बाजारातून आणलेले देखणे अलॉय व्हील बसत नाही, किंवा बसल्यासारखे वाटते आणि कॅलिपरला घासते. हा घोळ टाळण्यासाठी खरेदीपूर्वी काय मोजावे, याची ही माहिती.

वारसा जीपचा

१९४५ मध्ये महिंद्र अँड महंमद या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीजने १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत आणलेली, चालकाची केबिन थेट इंजिनावर असलेली एफसी-१५० ही पिकअप पुढे भारतातही आली. १९६५ मध्ये महिंद्रने हलकी व्यापारी वाहने बनविण्यास प्रारंभ केला. या घराण्यातील गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. लष्करी विलीज जीपचा ड्रम तर अवघ्या ९ इंचांचा होता. त्या काळच्या वेगाला आणि वर्दळीला तो पुरेसा होता, आजच्या नाही.

डिस्क कशासाठी?

ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले शू आतून बाहेर दाबले जातात. घाट उतरताना ड्रम तापला की तो प्रसरण पावतो, म्हणजेच शूपासून दूर जातो; पेडल खाली जाते आणि पकड ढिली पडते. शिवाय ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा उल्हास नदीचे रूप या परिसराने पाहिले आहे. तशा पुरात गाडी घालूच नये. पण साध्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावरही ड्रम काही काळ दगा देतो. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणीही चटकन झटकते.

पाच छिद्रांचे गणित

जीप घराण्यात चाकाला पाच स्टड असतात आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. यालाच पीसीडी म्हणतात. पाच छिद्रे समोरासमोर येत नसल्याने हा व्यास थेट मोजता येत नाही. त्यासाठी शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर व्हर्नियरने मोजावे आणि १.७०१ ने गुणावे. अंतर ८२.१ मिलिमीटर भरले तर पीसीडी १३९.७ आहे, असे समजावे. मारुती जिप्सीचाही पीसीडी हाच असल्याने या मापाची चाके बाजारात सहज मिळतात. पण छिद्रे जुळली म्हणजे चाक जुळले, असे नाही. खरी अडचण यानंतर सुरू होते.

'१५ इंच' म्हणजे नेमके किती?

चाकावर लिहिलेले १५ इंच हे टायर ज्या कडेवर बसतो तिथले माप आहे, आतल्या पोकळीचे नव्हे. टायर चढविता यावा म्हणून रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. तिच्यामुळे ३८१ मिलिमीटरच्या चाकात आतून प्रत्यक्ष मिळणारी जागा बरीच कमी भरते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या १५ इंची चाकांची पोकळीही सारखी नसते.

आता कॅलिपरकडे पाहू. चकती ११ इंचांची असेल तर तिची त्रिज्या सुमारे १४० मिलिमीटर. तिच्या कडेवर स्वार झालेला कॅलिपर आणखी २० मिलिमीटर बाहेर आला, तर हबच्या केंद्रापासून त्याचे टोक १६० मिलिमीटरवर असेल. चहूबाजूंनी किमान ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा धरली, तर चाकाची आतली पोकळी ३२६ ते ३३० मिलिमीटर हवी. आतून चिकटविलेल्या बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्यांची जाडी यात वेगळी धरावी.

दुसरे अंतर कॅलिपर आणि चाकाच्या आऱ्या यांच्यामधील. ते तपासताना ब्रेक पॅड नवेच हवेत. सरकत्या कॅलिपरमध्ये बाहेरचा पॅड झिजत जातो तसा कॅलिपर आत सरकतो. म्हणजे नव्या पॅडवर तो सर्वांत बाहेर असतो. झिजलेल्या पॅडवर जेमतेम बसलेले चाक पॅड बदलताच घासू शकते. सोपा उपाय म्हणजे कॅलिपरवर चिकणमातीचे छोटे गोळे लावून चाक चढवावे, नट हाताने आवळून एक फेरा द्यावा आणि चाक काढून दबलेल्या मातीची जाडी मोजावी.

ऑफसेटची दोन टोके

चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे, ते म्हणजे ऑफसेट. ७ इंच रुंदीच्या रिमची कडांसह एकूण रुंदी साधारण ८ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर असते. ऑफसेट शून्य असल्यास मागच्या कडेपासून हबच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर १०१.६ मिलिमीटर येते. ऑफसेट उणे १२ असेल तर हेच अंतर ८९.६ होते आणि चाक तेवढे बाहेर येते.

बाहेर आलेले चाक रुबाबदार दिसते, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. स्टिअरिंग जड होते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि मडगार्डबाहेर आलेला टायर मागच्या वाहनावर चिखल उडवितो. फार आत गेलेले चाक कमानीच्या पाट्यांना, टाय रॉडला किंवा ब्रेकच्या नळीला लागते. जागा मिळविण्यासाठी बाजारातील पातळ स्पेसर चकत्या घालणे हा मार्ग नव्हे. त्याने स्टडची नटात शिरणारी लांबी घटते. योग्य ऑफसेटचे चाक शोधणे, हाच खरा उपाय.

नट, स्टड आणि हब

विलीजच्या जुन्या स्टडचा व्यास अर्धा इंच असून त्याला इंचाला २० आटे असतात. नट स्टडवर निदान स्टडच्या व्यासाइतका चढला पाहिजे. येथे तो हाताने किमान दहा पूर्ण फेरे फिरायला हवा. अलॉय चाकाचा मधला भाग पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असल्याने अनेकदा लांब स्टड लावावे लागतात. नटाची बैठक शंकूच्या आकाराची, गोलाकार की सपाट, हेही चाकानुसार बदलते. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर लांब पाना लावून जोर करतो आणि स्टड तुटतो. चारचाकी जोर असलेल्या गाडीत पुढचा हब चाकाच्या मधल्या छिद्रातून बाहेर डोकावतो. त्याचा व्यास आणि लांबी दोन्ही मोजावीत.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीमुळे या परिसरात लेथवर अचूक काम करणारे कसबी हात दुर्मिळ नाहीत. हबची कडी किंवा कॅलिपरची पट्टी त्यांच्याकडून करून घेता येते. पण अलॉय चाकाची छिद्रे मोठी करणे वा कॅलिपर कानशीने घासून जागा करणे, हे काम कुणाकडूनही करून घेऊ नये. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए' मालाचा विनोद सर्वांना ठाऊक आहे. चाकाच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. निर्मात्याचे नाव, भारमर्यादा, ऑफसेट आणि मानक चिन्ह नसलेले चाक कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

ब्रेकची उरलेली यंत्रणा

केवळ चकती बसवून काम संपत नाही. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते; ती डिस्कला चालत नाही, पॅड चकतीला चिकटून राहतात आणि तापतात. शिवाय जुन्या जीपचा सिलिंडर एकेरी आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून दुहेरी सिलिंडर बसवावा. डिस्कला पायाचा जोर जास्त लागत असल्याने व्हॅक्युम बूस्टर आवश्यक ठरतो. पेट्रोल इंजिनात निर्वात दाब मॅनिफोल्डमधून मिळतो; डिझेल इंजिनाला मात्र वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. पुढचे-मागचे ब्रेक यांचा समतोल साधणारी झडपही हवी, अन्यथा रिकाम्या पिकअपची मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होते.

टायर

मूळ ६.००-१६ टायरचा व्यास सुमारे ७३० मिलिमीटर. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. त्यामुळे वेगदर्शकाचा आकडा फारसा बिघडत नाही. पिकअपच्या टायरची भारक्षमताही पाहावी. मागच्या एक्सलवर १,५०० किलो भार येत असेल तर प्रत्येक टायरला ७५० किलो, म्हणजे किमान ९८ हा भार निर्देशांक हवा. स्टेपनीही नव्या कॅलिपरवर बसते ना, याची खात्री करावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात गाडी मूळ स्वरूपात जपलेली असणे ही अट आहे. या परिसरातील वाहनधारकांनी काम सुरू करण्यापूर्वीच कल्याणच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीला बदल कळविणे शहाणपणाचे. काढलेले मूळ ड्रम आणि चाकेही जपून ठेवावीत.

रस्त्यावर आणण्यापूर्वी

चाक बसविल्यावर नट एकाआड एक या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावेत. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, गाडीत वजन ठेवून आणि जॅकवर उचलून, अशा तिन्ही स्थितींत टायर व ब्रेकची नळी कुठे लागत नाही ना, हे पाहावे. पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर आणि कमी वेगात घ्यावी. घाटाचा रस्ता त्यानंतरच.