वकिलांची जाहिरात टीव्हीवर का नसते?

१) वेळणेश्वरात टीव्हीवर साबण दिसतो, सिमेंट दिसते, वकिलाची जाहिरात दिसत नाही. अमेरिकेत प्रेक्षक अशा जाहिरातींना वैतागतात. तिथे १९७७ च्या ‘बेट्स’ निकालाने ती वाट खुली केली.

२) आपल्याकडचा वैताग न्यायालयाच्या दारातला. मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाबाहेर काही वकील पक्षकारांवर झडप घालतात, फी पाडून कामे ओढतात, असा आरोप होता.

३) महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांना दोषी ठरवले, अखिल भारतीय कौन्सिलने सोडले. १९७५ मध्ये ‘दाभोळकर’ खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले : वकिली हा व्यापार नव्हे.

४) २००८ पासून संकेतस्थळावर मोजकी माहिती देता येते. तरी प्रश्न उरतो : जाहिरातच नसेल, तर गावातल्या पक्षकाराने वकील शोधावा कसा? दलालाला विचारून?