मेन स्विचसमोरची मोकळी जागा

मेन स्विच आता लोखंडी पेटीत बंद असतो. त्याच्यासमोर जागा सोडण्याचा नियम मात्र उघड्या तांब्याच्या काळातला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यातला स्विचबोर्ड म्हणजे स्लेटची किंवा संगमरवराची उभी लादी. पुढे तांब्याच्या पात्यांचे नाइफ स्विच, मागे उघड्या पट्ट्या. दांडा ओढणारा हात जिवंत धातूपासून वीतभर लांब. शॉक बसून माणूस मागे फेकला गेला आणि पाठीशी दुसरी जिवंत पट्टी असली, की संपलंच.

म्हणून 1908 च्या ब्रिटिश कारखाना-नियमांनी मापं ठरवून दिली. कमी दाबाच्या बोर्डापुढे उघड्या वाहकापासून 3 फूट रुंद आणि 7 फूट उंच वाट हवी. दोन्हीकडे उघडा धातू असेल तर साडेचार फूट. पायाखालची जमीन पक्की आणि सपाट. अमेरिकेच्या विद्युत कोडमध्ये समोर काय आहे त्यावर अंतर वाढतं, आणि तिथे विटांची किंवा काँक्रीटची भिंतसुद्धा अर्थिंग झालेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली धरतात. हात फेजला आणि पाठ भिंतीला लागली, तर करंट छातीतूनच जाणार.

आपल्याकडे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 51वा नियम बोर्डापुढे अशीच मोकळी जागा मागत होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत, 250 व्होल्टच्या वरच्या बोर्डापुढे किमान 1 मीटर जागा आली. मला सगळ्यात शहाणं वाटतं ते बोर्डाच्या पाठीचं कलम. मागे उघडी जोडणी असेल तर तिथली जागा एकतर 20 सेंमीपेक्षा कमी हवी, नाहीतर 75 सेंमीपेक्षा जास्त. मधलं माप चालत नाही! वीस सेंमीत कुणी शिरूच शकत नाही, पाऊण मीटरमध्ये नीट उभं राहता येतं. पण चाळीस-पन्नास सेंमीच्या फटीत वायरमन अंग चोरून शिरतो, आणि तिथे त्याला ना वळता येतं, ना झटकन बाहेर पडता येतं.

पेटी आली तरी फॉल्ट शोधताना झाकण उघडावंच लागतं. टेस्टर लावणाऱ्या वायरमनपुढे तेव्हा तेच उघडं तांबं असतं. आणि आपल्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये नेमकी हीच जागा स्कूटर, रंगाचे डबे आणि उरलेल्या फरशांनी भरलेली असते. रात्री वायरिंग पेटलं, तर मेन पाडायला धावलेल्या माणसाने आधी स्कूटर ओढायची का?