सिव्हिलचा रस्ता

‘जन्म कुठला?’ म्हटलं की ठाण्यातले कितीतरी जण अजून एका शब्दात सांगतात, ‘सिव्हिलचा’. टेंभी नाक्याजवळच्या त्या रुग्णालयाच्या फलकावर नाव होतं विठ्ठल सायन्ना यांचं. लोकांच्या तोंडी राहिलं ते सिव्हिल. २०२३ साली तिथले विभाग मनोरुग्णालयाच्या आवारात हलले आणि ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयासाठी जुनी इमारत पाडली गेली.

नवं हवंच होतं, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाड्यासकट अख्ख्या जिल्ह्याचं हे रुग्णालय होतं, हे आपण विसरत चाललोय. अडलेली बाई तिकडून इथवर आणायची. ती आत, बरोबरची माणसं रस्त्यावर.

जन्मदाखल्यावर तारीख येते, आईबापांची नावं येतात, जागाही येते. रात्रभर फाटकाबाहेर बसलेली आजी मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. आणि बाळाला तर काहीच आठवत नसतं! रस्ता लक्षात राहतो तो वाट बघणाऱ्यांच्या. ती पिढी आता थकलीय.

म्हणून आमचं एवढंच म्हणणं आहे: आज घरी गेलात की विचारा, त्या रात्री बाहेर कोण कोण बसलं होतं. आणि लिहून ठेवा, नावानिशी.