मनोरीतला डांग्या खोकला

माझ्या लहानपणी मनोरीत कुणाच्या घरी डांग्या खोकला शिरला की आधी अडुळशाचा रस, मग खोबरेलात कापूर घालून छातीला चोळणं. कुणी गाढविणीचं दूध शोधत खाडीपल्याड जाई. ख्रिस्ती शेजारणी वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाच्या बाळाचा नवस बोलत. पोर खोकून खोकून निळं पडे आणि तारेसारखा चिकट कफ ओकल्यावरच त्याला श्वास मिळे.

हा खोकला इतका चिवट का, ते नर्स झाल्यावर कळलं. श्वासनळीच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, एकेकीवर दोनशेच्या आसपास. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते धूळ आणि जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलतात. डांग्या खोकल्याचा जंतू, बोर्डेटेला पर्टुसिस, नेमका त्या केसांनाच चिकटतो आणि विष सोडून त्या पेशी मारतो. हे विष म्हणजे त्याच्याच भिंतीचा बारीक तुकडा. मग कफ जागीच साचतो, तो काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही. साफसफाई थांबली की दुसरे जंतूही खाली फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. कितीतरी पोरं त्या न्यूमोनियानेच जात. औषधाने जंतू मेला तरी पेशी नव्याने यायला आठवडे लागतात. आजीचा अडुळसा कफ सोडवत असे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण केस परत आणणं त्याच्या हातात नव्हतं.

हा जंतू ब्रसेल्सला बोर्दे आणि झांगू यांनी १९०६ साली बटाटा, ग्लिसरीन आणि रक्ताच्या मिश्रणावर वाढवला. भरवशाची लस मात्र १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सला पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग यांनी घडवली. दोघी आधी शाळेत शिकवत. प्रयोगशाळेचं काम आटोपून त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात गरिबांच्या घरी जात आणि खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर बशी धरून जंतू गोळा करत. घरभेटींना किती पाय झिजतात ते मला ठाऊक आहे. या दोघींचा मला फार अभिमान वाटतो.

आपल्याकडे १९७८च्या लसीकरण कार्यक्रमात डांग्या खोकल्यावरचीही त्रिगुणी लस आली, १९८५पासून सार्वत्रिक मोहिमेने ती पसरली. मार्वेच्या तरीतून बर्फातला लशीचा डबा मांडीवर घेऊन आम्ही मनोरीला उतरायचो. सुईने ताप येतो म्हणून तरुण आया कचरत. वलांडीवर बोंबील घालणाऱ्या म्हाताऱ्या मात्र सुनांना हाताला धरून आणत. निळं पडलेलं पोर त्यांनी मांडीवर धरलेलं होतं.

पहिली सुई दीड महिन्याला. तोवर बाळ उघडंच, आणि तान्हं पोर कधी कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. म्हणून खोकणारं माणूस बाळाचा बाप असला तरी बाळंतिणीच्या खोलीत मी आजही त्याला शिरू देत नाही.